किंमत नंतर विचारा, आधी गाडीची जन्मतारीख विचारा

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. त्या दिवसापासून छोट्या कारवरचा जीएसटी उतरला. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल, तर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस लागायचा. आता फक्त १८ टक्के. कंपन्यांनी लगेच नवे भाव जाहीर केले. मारुतीची एस-प्रेसो ३ लाख ४९ हजार ९००, अल्टो के१० ३ लाख ६९ हजार ९००, वॅगन-आर ४ लाख ९८ हजार ९००. टाटाची टियागो ४ लाख ५७ हजारांच्या आसपास आली. हे आकडे मोबाईलवर फिरले आणि कॉलेजच्या कँटीनमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य आलं, ‘आता तर गाडी घेऊनच टाकू.’

आपल्या जिल्ह्यात ही बातमी आली ती धान कापणीच्या तोंडावर. चुकारे खात्यात पडले की घरात दोन विषय निघतात, लग्न आणि गाडी. त्यात घरातल्या कुणाच्या हातात नुकतंच चारचाकीचं लायसन्स आलेलं असेल, तर दुसरा विषय जरा जोरातच निघतो.

गाडी स्वस्त झाली हे खरं आहे. पण ज्याला क्लच सोडताना अजून घाम फुटतो, त्याच्यासाठी ‘स्वस्त’ म्हणजे नेमकं काय? शोरूमच्या पाटीवरचा आकडा, महिन्याचा हप्ता, की पहिल्या वर्षी झालेली चूक निभावून नेणारी गाडी? या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येतात. म्हणून एकेक हिशोब मांडून पाहू.

पाटीवरची किंमत आणि दारातली किंमत

अल्टो के१० चं सगळ्यात साधं मॉडेल घ्या, ३ लाख ६९ हजार ९०० रुपयांचं. ही झाली एक्स-शोरूम किंमत. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारवर ११ टक्के एकरकमी वाहन कर लागतो, म्हणजे इथे सुमारे ४० हजार. नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम काढावा लागतो. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. १००० सीसीपर्यंतच्या गाडीला २०२२ मध्ये ठरलेल्या दराने ६,५२१ रुपये आणि वर जीएसटी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. नोंदणी आणि कर्जाचा बोजा चढवण्याची फी वेगळी. सगळं धरलं की पावणेचार लाखांच्या आतली गाडी दारात येईपर्यंत सव्वाचार लाखांच्या पुढे जाते. सीट कव्हर, मॅटिंग, म्युझिक सिस्टीम यात अजून आलेलंच नाही.

हाच आकडा आपल्या भाषेत मांडून पाहा. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. सव्वाचार लाख म्हणजे १८० क्विंटल धान. एकरी १५ क्विंटल धरले तर १२ एकर बांध्यांचं सगळं पीक. बियाणं, खत, रोवणी, कापणी यांचा खर्च वजा न करता. जीएसटी कमी झाल्यानं याच गाडीमागे काही क्विंटल वाचले, हे चांगलंच झालं. पण १८० क्विंटल ही रक्कम कास्तकाराच्या घरात सहज उचलून देण्यासारखी नसते, म्हणून पुढची पायरी कर्जाची.

हप्त्याला हंगाम कळत नाही

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ६.५० वरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आणला. कर्ज जरा हलकं झालं. समजा साडेतीन लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी घेतलं. पाच वर्षांसाठी हप्ता येतो सुमारे ७,२६५ रुपये, सात वर्षांसाठी सुमारे ५,६३०. साहजिकच सात वर्षांचा पर्याय गोड वाटतो. पण पाच वर्षांत व्याज जातं साधारण ८६ हजार, सात वर्षांत १ लाख २३ हजार. हप्ता लहान करायला ३७ हजार जास्त मोजायचे. शिवाय सातव्या वर्षी गाडीची किंमत अर्ध्यावर आलेली असेल आणि हप्ता तेवढाच राहील.

खरी अडचण वेगळीच आहे. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ता मिळतो. कारच्या कर्जाचा हप्ता मात्र सहसा दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कापला जातो. धानाचा पैसा वर्षातून एकदा, फार तर उन्हाळी पीक असेल तर दोनदा येतो, आणि चुकारा नेमका कोणत्या आठवड्यात येईल ते कुणी सांगू शकत नाही. त्यामुळे हप्ता भरायला घरात महिन्याचं उत्पन्न आहे का, हा पहिला प्रश्न. आहे, तर हप्त्यासोबत बाकीचंही जोडा. महिन्याला ६०० किलोमीटर चालवली, लिटरला १८ किलोमीटर पडले आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर साडेतीन हजार पेट्रोलचे. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांचे महिन्याला हजार-दीड हजार बाजूला काढावे लागतील. म्हणजे सात हजारांचा हप्ता प्रत्यक्षात बारा हजारांचा होतो. पहिल्या नोकरीचा पगार १८-२० हजार असेल, तर गाडीत बसून जायला पैसे उरतील, उतरून चहा प्यायला उरणार नाहीत.

महिन्यातून दोनदा नागपूरला जायचं, एवढंच काम असेल तर गोंदिया जंक्शन आपल्या घरचंच आहे. गाडी रोज लागते की मनाला लागते, हे ठरवून मगच पुढं जावं.

जुनी गाडी : जीएसटीचा दुसरा फायदा

बऱ्याच घरांत पहिली गाडी सेकंडहँड असते, आणि नवख्या हातासाठी ते वाईट नाही. पहिल्या वर्षी बंपर घासणार, दार कुठंतरी लागणार. तो ओरखडा दोन लाखांच्या गाडीवर पडला तर जीव थोडा कमी जळतो.

इथे जीएसटी कपातीचा एक फायदा आहे, जो विकणारा स्वतःहून सांगणार नाही. नवी गाडी स्वस्त झाली की जुनी गाडीही स्वस्त व्हायलाच हवी. जी कार आधी करासकट ५ लाखांना होती, तिच्यावरची पूर्ण करकपात ग्राहकाला मिळाली तर ती आता साधारण ४ लाख ५७ हजारांना येते. म्हणजे साडेआठ टक्क्यांची उतरण. त्यामुळे ‘मी नवी पाच लाखांना घेतली होती’ हे वाक्य आता भाव ठरवायला चालत नाही. त्याच मॉडेलचा आजचा शोरूमचा भाव मोबाईलवर काढा, समोर ठेवा, आणि तिथून खाली उतरत बोला.

आणखी एक गैरसमज. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेनंतर ‘जुन्या गाडीवर १८ टक्के टॅक्स’ अशी ओरड झाली होती. हा कर नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याच्या नफ्यावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. दोन माणसांनी आपसात गाडी विकली-घेतली तर तो लागतच नाही. कुणी पूर्ण किमतीवर १८ टक्के जोडून मागत असेल तर सरळ हिशोब विचारा.

आता जन्मतारीख

सेकंडहँड गाडी पाहताना आपण रंग पाहतो, किलोमीटर पाहतो, एसी लावून पाहतो. त्याआधी आरसीवर गाडी बनल्याचा महिना आणि साल पाहा. गेल्या सात-आठ वर्षांत नियम इतके बदललेत की एकाच मॉडेलच्या, बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्या आतून वेगळ्या निघतात.

१ एप्रिल २०१९ : या तारखेपासूनच्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होत नाहीत आणि स्टिअरिंग वळवता येतं. नवखा माणूस घाबरला की पहिल्यांदा ब्रेकवर उभा राहतो. त्यामुळे ही सोय सगळ्यात जास्त त्याच्याच कामाची आहे. उच्च सुरक्षा नंबर प्लेटही याच तारखेपासून नव्या गाडीसोबत येते. त्याआधीच्या गाडीला ती वेगळी बसवावी लागते. महाराष्ट्रात कारसाठी दर ७४५ रुपये आणि वर जीएसटी. विकणाऱ्यानं बसवली नसेल तर ते काम त्याच्याकडूनच करून घ्या.

१ जुलै २०१९ : चालकाची एअरबॅग, सीट बेल्ट न लावल्यास वाजणारी सूचना, वेगाची सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या नव्या कारमध्ये आली ती २०२२ पासून.

१ एप्रिल २०२० : बीएस-६ सुरू. याच सुमारास मारुतीनं डिझेल कार बनवणं थांबवलं. त्यामुळे मारुतीची जुनी डिझेल गाडी घेताना ती किमान पाच-सहा वर्षांची आहे हे धरूनच चाला.

एप्रिल २०२३ : यापुढच्या गाड्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या आहेत, आणि पंपावर आता तेच मिळतं. त्याआधीची गाडी चालणार नाही असं नाही, पण इंधनाचे रबरी पाइप आणि सील मेकॅनिकला दाखवून घ्या.

१५ वर्षं : वयाची ही रेघ ओलांडलेली पेट्रोल कार ‘साठ हजारांत मिळते’ म्हणून मोह होतो. पण तिची पुनर्नोंदणी फी ५ हजार, वर पर्यावरण कर. २० वर्षांच्या पुढे गेली तर ऑगस्ट २०२५ पासून फी १० हजार.

या यादीतून एक साधी चाळणी तयार होते. जुनी घ्यायची तर २०१९ च्या मधल्यानंतर बनलेली घ्या, आणि जमलं तर २०२२ नंतरची. २०१५ ची चकाचक मोठी गाडी आणि २०२० ची साधी छोटी गाडी एकाच भावात मिळत असेल, तर मित्र पहिलीकडे बोट दाखवतील. नवशिक्यानं दुसरी उचलावी.

वीस हजारांत काय मिळतं?

नव्या गाडीतही ही नजर ठेवा. सप्टेंबरमध्ये जाहीर झालेल्या भावांत एस-प्रेसो आणि अल्टो के१० यांच्यात फरक होता बरोबर २० हजारांचा. एस-प्रेसोत एअरबॅग दोन, अल्टो के१० मध्ये मार्च २०२५ पासून प्रत्येक मॉडेलमध्ये सहा. २० हजार म्हणजे साडेआठ क्विंटल धान. पाच वर्षांच्या हप्त्यात महिन्याला सव्वाचारशे रुपये. एवढ्यासाठी चार एअरबॅग सोडायच्या का, हे घरी बसून ठरवा.

अर्थात नुसत्या एअरबॅग मोजून भागत नाही, गाडीचा सांगाडाही मजबूत लागतो. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत २०२० मध्ये टियागोला ४ तारे मिळाले होते, तर दोन एअरबॅगच्या अल्टो के१० ला २०२३ मध्ये २ आणि वॅगन-आरला १. आपल्या देशाचीही भारत एनकॅप चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. ती कंपन्यांना ऐच्छिक आहे, म्हणून प्रत्येक मॉडेलचे तारे सापडतीलच असं नाही. शोरूममध्ये ‘मायलेज किती देते’ या प्रश्नानंतर ‘तारे किती आहेत’ हेही विचारा. आणि कितीही एअरबॅग असल्या तरी त्या सीट बेल्ट लावलेल्या माणसाला धरून बनवलेल्या असतात.

पासिंग कुठलं?

आपला जिल्हा दोन राज्यांना चिकटलेला. रस्त्यावर एमएच ३५ सोबत बालाघाटची एमपी ५० आणि राजनांदगावची सीजी ०८ रोज दिसते. नातेवाईकही तिकडे, त्यामुळे गाड्यांचे सौदेही तिकडे होतात. ‘तिकडे वीस-तीस हजार स्वस्त पडते’ हे खरं असू शकतं, पण पुढचा हिशोब आधी करा. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि इथला कर. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागायला पुन्हा तिकडेच चकरा. वाचलेले वीस हजार यातच जिरतात.

राज्यातलीच गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३०. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव चढवायला अर्ज करायचा, आणि विमा आपल्या नावावर करायला १४ दिवसांत कंपनीला कळवायचं. ‘नाव नंतर करू, ओळखीचेच आहेत’ हे आपल्याकडे सर्रास चालतं. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्यासाठी मालक तोच. त्या प्रकरणात गाडी हातोहात विकली गेली होती, तरी भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर आली. म्हणजे विकणाऱ्याच्या मानेवर टांगती तलवार, आणि घेणाऱ्याच्या हातात पैसे देऊनही दुसऱ्याच्या नावाची गाडी. दोघांच्याही भल्यासाठी सौद्याच्या दिवशीच फॉर्मवर सह्या करून घ्या.

पैसे देण्याआधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि बोजा तपासा. ई-चालान थकलेत का तेही पाहा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसिंगची नोंद मिळाली तर मीटर मागे फिरवलंय का ते कळतं. नागपूरहून गाडी आणत असाल तर एक जास्तीची गोष्ट. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीच्या ओव्हरफ्लोनं शहराच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं आणि कितीतरी गाड्या त्यात उभ्या होत्या. मॅटिंग उचला, सीटखालचे गंजलेले नट पाहा, सीट बेल्ट पूर्ण ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते बघा. दोनशे-पाचशे रुपये देऊन आपला मेकॅनिक सोबत नेणं हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

लायसन्स आहे, पण कशाचं?

सोळाव्या वर्षी काढलेलं विनागिअर दुचाकीचं लायसन्स कारला चालत नाही, आणि गिअरवाल्या मोटारसायकलचंही नाही. कारसाठी हलक्या मोटार वाहनाची नोंद लागते, वय १८ पूर्ण लागतं. आधी लर्निंग, मग ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी. ती नोंद नसताना अपघात झाला तर विम्याची रक्कम अडकते, मग गाडीला तारे कितीही असोत.

गाडी निवडताना आपले रस्तेही डोळ्यांसमोर ठेवा. गोरेलाल चौकाच्या बाजारात लांब गाडी वळवणं जुन्या चालकालाही जड जातं. छोटी, बाहेरचं नीट दिसणारी, हलक्या स्टिअरिंगची पेट्रोल गाडी नवख्या हाताला सोपी पडते. दुसरीकडे, कोहमाऱ्याला पोहोचलं की राष्ट्रीय महामार्ग ५३, मुंबई ते कोलकाता धावणारे ट्रक. आणि त्याआधी मुरदोलीचं जंगल. याच गोंदिया-कोहमारा मार्गावर ऑगस्ट २०२३ मध्ये कारच्या धडकेत एक वाघ मेला होता. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर रात्री अचानक काय समोर येईल ते सांगता येत नाही. तिथे एबीएस आणि चांगले हेडलाइट कामी येतात, पण त्याआधी कामी येतो कमी वेग. पहिले काही महिने हे रस्ते दिवसाच करावेत, शेजारी कुणी जुना चालक बसवून.

मग घ्यायची कोणती?

घरात महिन्याचं पक्कं उत्पन्न आहे, डाऊन पेमेंटला एक लाख आहेत आणि गाडी रोज लागणार आहे, तर जीएसटी कपातीनंतरची छोटी नवी कार हा चांगला सौदा आहे. पाच वर्षांच्या आत फिटणारं कर्ज घ्या आणि सगळ्यात स्वस्त मॉडेलवर थांबण्याआधी वीस-तीस हजारांत सुरक्षेचं काय जास्त मिळतं ते पाहा.

उत्पन्न हंगामी असेल तर कर्ज न काढता, चुकाऱ्यातून झेपेल तेवढ्या रोख रकमेत, २०१९ च्या मधल्यानंतरची एमएच पासिंगची सेकंडहँड गाडी घ्या. हातातल्या पैशातले २५-३० हजार गाडीत घालूच नका. टायर, बॅटरी, विमा आणि नाव चढवणं यांत ते पहिल्या दोन महिन्यांतच जाणार आहेत.

आणि दोन्ही जमत नसेल तर एक हंगाम थांबा. लायसन्स कुठं जात नाही, आणि १८ टक्क्यांचा दर सणापुरती सूट म्हणून आलेला नाही. तोवर घरच्या किंवा काकांच्या गाडीवर हात बसवा. पुढच्या चुकाऱ्यापर्यंत तुम्ही चालकही बरे झालेले असाल आणि आज मनात भरलेली गाडी एक वर्ष जुनी, म्हणजे जरा स्वस्तही झालेली असेल.